घोड्यासाठी उजेड आणि अंधार यांचे नियोजन: नव्या घोडेपालकांसाठी मार्गदर्शन

घोडा पाळायला सुरुवात करणारा माणूस चंदी, पाणी, खरारा, नाल आणि लसीकरण यांविषयी पहिल्या दिवसापासून विचारतो. ठाणावर, म्हणजे घोडा बांधण्याच्या जागी, दिवसा उजेड किती येतो आणि रात्री तेथे खरोखर अंधार होतो का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. घोड्याची झोप, अंगावरच्या केसांची वाढ, घोडीचे माजावर येणे, गाभणकाळाची लांबी, कातडीचे आणि डोळ्यांचे आरोग्य या सर्वांवर प्रकाशाचा परिणाम होतो, आणि यांपैकी बहुतेक गोष्टी थोड्या खर्चात व थोड्या शिस्तीने सुधारता येतात. या लेखाचा भर एकाच गोष्टीवर आहे: घोड्याला दिवसा भरपूर उजेड, रात्री पुरेसा अंधार आणि या दोहोंचे रोज ठरलेल्या वेळी होणारे आवर्तन मिळाले पाहिजे. नुसता दिवा वाढवून हे साधत नाही, कारण चुकीच्या वेळी लावलेला दिवा लाभापेक्षा हानीच अधिक करतो.

आधी समजून घ्यायचे: डोळ्यांतून शरीरात जाणारा संदेश

घोड्याच्या दृष्टिपटलात पाहण्यासाठी लागणाऱ्या पेशींखेरीज अशाही काही पेशी असतात, ज्या केवळ उजेड आहे की नाही एवढीच नोंद मेंदूकडे पाठवतात. या पेशी निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि तांबड्या प्रकाशाला फारच कमी. त्यांच्या संदेशानुसार मेंदूतील पीनियल ग्रंथी अंधारात मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक सोडते आणि उजेड होताच ते थांबवते. रात्र जितकी लांब, तितका वेळ मेलॅटोनिन रक्तात राहते, आणि त्या कालावधीवरूनच घोड्याचे शरीर कोणता ऋतू चालू आहे हे ओळखते.

घोडीचा गाभणकाळ साधारण अकरा महिन्यांचा असल्यामुळे मोठ्या दिवसांत फळलेली घोडी पुढच्या वर्षी तशाच मोठ्या दिवसांत विते. ज्या समशीतोष्ण गवताळ प्रदेशांत घोड्याची जात घडली, तेथे त्याच सुमारास कोवळे गवत उगवते. आपल्याकडे गवत उगवते ते जून-जुलैच्या पावसावर, पण घोड्याचे शरीर अजूनही पावसाऐवजी दिवसाची लांबीच मोजत राहते.

ही लांबी स्थळानुसार बदलते, आणि परदेशी पुस्तकांतील सल्ला जसाच्या तसा उचलण्यापूर्वी हे ध्यानात घेतले पाहिजे. पुण्यात डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. हरियाणातील हिसारला हेच आकडे साधारण सव्वादहा आणि चौदा तास असे होतात, आणि आयर्लंडमधील डब्लिनला साडेसात व सतरा तास. म्हणून महाराष्ट्रातील घोड्यांत ऋतूंचा परिणाम उत्तरेकडील घोड्यांपेक्षा सौम्य असतो. तो नसतोच, असे मात्र मुळीच नाही.

पहिली पायरी: तबेल्यातील उजेड मोजावा

काहीही विकत घेण्यापूर्वी मोजमाप करावे. जुनी आणि विश्वासार्ह कसोटी अशी, की ठाणाच्या कोणत्याही कोपऱ्यात उभे राहून वर्तमानपत्रातील बारीक मजकूर सहज वाचता आला पाहिजे. त्याहून नेमके हवे असल्यास मोबाईलमध्ये प्रकाशमापक ॲप घ्यावे. त्याचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसला, तरी तुलनेसाठी पुरेसा असतो. मोबाईल घोड्याच्या डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे मध्यम चणीच्या घोड्यासाठी जमिनीपासून साधारण पाच फुटांवर धरावा, आणि सकाळी, दुपारी व संध्याकाळी दाराजवळ, मध्यभागी आणि सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात अशा नोंदी वहीत लिहाव्यात.

लक्स हे उजेड मोजण्याचे एकक. उघड्यावर भर उन्हात सुमारे एक लाख लक्स, तर झाडाच्या मोकळ्या सावलीत काही हजार लक्स प्रकाश असतो. याउलट पत्र्याच्या बंदिस्त तबेल्यात भर दुपारीही ५० लक्स भरत नाहीत, आणि आपला डोळा चटकन जुळवून घेत असल्यामुळे तेथे वावरणाऱ्या माणसाला ही तफावत जाणवत नाही. दिवसभर ठाणावर राहणाऱ्या घोड्यासाठी डोळ्याच्या उंचीवर किमान १०० लक्स असावेत, हा आकडा कामचलाऊ म्हणून धरावा.

रात्रीचेही मोजमाप तितकेच आवश्यक आहे आणि नेमके तेच राहून जाते. रात्री अकरानंतर त्याच जागी उभे राहून वर्तमानपत्राचे मथळेसुद्धा वाचता येत असतील, तर तेथे अंधार होत नाही असे समजावे. रस्त्यावरचा दिवा, शेजारच्या गोदामाचा फ्लडलाईट, राखणीसाठी रात्रभर जळणारी ट्यूब यांपैकी काही ना काही बहुधा कारणीभूत असते.

दुसरी पायरी: दिवसाचा उजेड वाढवावा

दिव्यापेक्षा घोडा बाहेर सोडणे हा उपाय केव्हाही श्रेष्ठ आहे. रोज काही तास मोकळ्या मैदानात चरणाऱ्या घोड्याला जेवढा प्रकाश मिळतो, तेवढा कोणत्याही तबेल्यात परवडणाऱ्या दिव्यांनी मिळत नाही. शिवाय चालणे, चरणे आणि इतर घोड्यांची सोबत हे लाभ वेगळेच. ढगाळ पावसाळी दिवशीही बाहेरचा प्रकाश आतल्यापेक्षा कित्येक पट अधिक असतो, म्हणून पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे घोडा ठाणावर बांधून ठेवू नये आणि पावसाची उघडीप मिळताच त्याला बाहेर काढावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र वेळ बदलावी लागते. पहाट ते सकाळचे नऊ आणि पुन्हा संध्याकाळ असे दोन तुकडे करावेत, आणि मधल्या वेळी घोड्याला दाट पण हवेशीर सावली द्यावी.

तबेल्याची भिंत आतून चुन्याने रंगवणे हा सर्वांत स्वस्त उपाय असून त्याने आलेला उजेड भिंतींवरून परतून कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. छपरात अर्धपारदर्शक पत्रा बसवायचा असेल, तर तो उत्तरेकडील उतारावर बसवावा. दक्षिणेकडे बसवल्यास उजेडाबरोबर उष्माही आत येतो आणि मार्च ते मे या काळात तबेला तापतो. दाराचा वरचा अर्धा भाग उघडा राहील अशी दोन झडपांची रचना केल्यास उजेड आणि वारा दोन्ही मिळतात, आणि घोड्याला बाहेर पाहता येते. या शेवटच्या गोष्टीचे मोल कमी लेखू नये.

कोवळ्या उन्हाने घोड्याला ड जीवनसत्त्व मिळते, असे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. माणसाच्या बाबतीत ते खरे असले, तरी घोड्याची रीत निराळी आहे. न्यूझीलंडमध्ये चरणाऱ्या घोड्यांवर वर्षभराहून अधिक काळ झालेल्या अभ्यासात झूल घातलेल्या आणि न घातलेल्या घोड्यांच्या रक्तातील ड जीवनसत्त्वाच्या पातळीत फरक आढळला नाही. घोड्याला हे जीवनसत्त्व मुख्यतः उन्हात वाळवलेल्या चाऱ्यातून मिळते. घोड्याला उन्हात न्यावे ते शरीराचे घड्याळ जुळावे आणि मन प्रसन्न राहावे म्हणून.

दिवे लावावेच लागले, तर ते घोड्याच्या थेट डोक्यावर न लावता भिंतीच्या दोन्ही बाजूंना उंचावर लावावेत, म्हणजे गडद सावल्या पडत नाहीत. दिवसासाठी थंड पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी दिवे योग्य. दिव्यांना जाळी असावी, वायर उंदराला कुरतडता येणार नाही अशा बंद नळीतून न्यावी, आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवलेला असावा. तापणारे हॅलोजन दिवे वाळलेल्या गवताजवळ लावणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. ते तबेल्यात आणूच नयेत.

तिसरी पायरी: रात्र जपावी

घोडा २४ तासांत साधारण तीन ते पाच तास झोपतो आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. यातील बरीचशी झोप तो उभ्यानेच घेतो. परंतु स्नायू पूर्ण सैल सोडणारी गाढ झोप त्याला आडवे पडल्याशिवाय मिळत नाही, आणि तिची गरज रोज अर्ध्या ते एक तासाची असते. ही झोप बहुतेक मध्यरात्रीनंतर लागते. त्या वेळी दिवे जळत असतील, माणसांची ये-जा असेल, किंवा खाली पुरेसे अंथरूण नसेल, तर घोडा आडवा होण्याचे टाळतो. असे बरेच दिवस चालल्यावर तो उभ्याउभ्या पेंगत पुढच्या पायांवर कोसळतो. पुढच्या पायाच्या गामच्यावर, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्याच्या समोर, वारंवार खरचटल्याच्या खुणा दिसल्या, तर घोडा रात्री झोपतो का, याची चौकशी करावी. त्या खुणांना आणखीही कारणे असू शकतात, सांधेदुखीमुळे आडवे होता न येणे हे त्यांतील एक, आणि ती पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावीत.

एलईडीच्या पांढऱ्या प्रकाशात निळ्या रंगाचा अंश मोठा असतो. डब्लिनमध्ये झालेल्या प्रयोगांत घोड्याच्या केवळ एका डोळ्यावर पडणारा, सुमारे १० लक्सचा निळा प्रकाशही मेलॅटोनिन दाबण्यास पुरेसा ठरला. ज्या दिव्याला आपण मंद म्हणतो, तोही घोड्याच्या शरीरासाठी दिवस ठरू शकतो, हे यावरून लक्षात यावे.

राखणीसाठी दिवा हवाच असेल, तर तो तबेल्याच्या बाहेरच्या भिंतीवर, बाहेरच्या दिशेने तोंड करून लावावा. रात्रीच्या फेरीसाठी तांबडा दिवा किंवा तांबड्या काचेची बॅटरी ठेवावी. बॅटरीचा पांढरा झोत घोड्याच्या तोंडावर टाकण्याची सवय मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाने, पहिल्या दिवसापासूनच सोडावी. रात्री दिसणारा सीसीटीव्ही कॅमेरा हा आज सर्वांत सोयीचा मार्ग आहे, कारण त्याचा अवरक्त प्रकाश घोड्याला दिसतच नाही. विशेषतः वेणा जवळ आलेल्या घोडीसाठी तो घ्यावाच. घोड्या बहुतांशी रात्री, आजूबाजूला शांतता झाल्यावर वितात, आणि सतत दिवा लावून पाहणाऱ्या माणसांमुळे अस्वस्थ झालेली घोडी विणे काही काळ लांबवू शकते.

चौथी पायरी: पैदाशीच्या घोडीसाठी प्रकाशाचा कार्यक्रम

हा भाग प्रत्येकासाठी नाही. मारवाडी किंवा काठियावाडी घोडी पाळणाऱ्याला शिंगरू फेब्रुवारीत जन्मले काय किंवा एप्रिलमध्ये जन्मले काय, सहसा फरक पडत नाही. त्याने घोडीला निसर्गक्रमाने माजावर येऊ द्यावे, आणि मार्चनंतर फळवण्याचा विचार करावा, हेच माझ्या मते शहाणपणाचे. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचे गणित वेगळे आहे. उत्तर गोलार्धात, आणि म्हणून भारतातही, प्रत्येक थरोब्रेडचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते. मे महिन्यात जन्मलेल्या शिंगराला जानेवारीत जन्मलेल्या शिंगराच्या बरोबरीने, एकाच वयाचे म्हणून धावावे लागते. त्यामुळे पुणे परिसरासह देशभरातील स्टड फार्मना, म्हणजे घोड्यांच्या पैदास केंद्रांना, घोड्या फेब्रुवारीच्या मध्यापासूनच फळवण्याजोग्या हव्या असतात, आणि नेमक्या त्याच काळात अनेक घोड्यांचे बीजांडकोश हिवाळ्याच्या सुस्तीतून पुरते बाहेर आलेले नसतात.

कृत्रिम उजेडाने हा ऋतू अलीकडे ओढता येतो, हे ब्रिटनमध्ये बर्कहार्ट या संशोधकाने १९४७ मध्ये दाखवून दिले. तेव्हापासून जगभर रुळलेली पद्धत अशी आहे: नैसर्गिक आणि कृत्रिम मिळून रोज १६ तास उजेड आणि ८ तास अखंड अंधार. सुरुवात १ डिसेंबरच्या सुमारास करावी, कारण पहिले बीज सुटायला साधारण ६० ते ७० दिवस लागतात. जानेवारीच्या अखेरीस जाग येऊन दिवे लावणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

पुण्याचे उदाहरण घेऊ. डिसेंबरात सूर्य सकाळी सुमारे सातला उगवतो आणि संध्याकाळी सुमारे सहाला मावळतो. घोडीला साडेपाचला ठाणावर घेऊन दिवा लावावा आणि रात्री अकराला तो बंद करावा, म्हणजे सात ते अकरा असे १६ तास भरतात. वाढीव उजेड संध्याकाळी द्यावा. पहाटे सूर्योदयापूर्वी दिवा लावण्याने तसाच परिणाम मिळेलच असे नाही. सूर्य मावळल्यावर तासभर घोडी अंधारात राहिली आणि मग दिवा लागला, असे खंड पडू देऊ नयेत. बारा फूट लांब व बारा फूट रुंद ठाणासाठी पूर्वी २०० वॉटचा साधा बल्ब सांगत. आज तेवढाच उजेड २५ ते ३० वॉटच्या एलईडी दिव्यातून मिळतो. कसोटी तीच, घोडीच्या डोळ्याच्या उंचीवर प्रत्येक कोपऱ्यात १०० लक्स. ठाणाचे दार उघडे असेल आणि घोडी रात्रभर मान बाहेर काढून अंधारात उभी राहत असेल, तर आतला उजेड कितीही असला तरी तो वाया जातो.

दिवा चालू-बंद करण्याचे काम माणसावर सोपवू नये. काही शे रुपयांचा टायमर ते दररोज अचूक करतो. ग्रामीण भागात वीज जाते हे गृहीत धरून इन्व्हर्टर ठेवावा. एखाद्या संध्याकाळी खंड पडला तर सगळे बिघडत नाही, परंतु आठवड्यातून दोन-तीनदा खंड पडू लागला तर घोडीच्या शरीराला कोणताच ठाम ऋतू कळत नाही.

रात्रभर दिवा ठेवला तर काम लवकर होईल, असा विचार नवख्यांच्या मनात हटकून येतो. तो साफ चुकीचा आहे. २४ तास उजेडात ठेवलेल्या घोड्यांत अपेक्षित परिणाम मिळत नाही, कारण शरीर उजेडाची लांबी अंधाराच्या तुलनेतच ओळखते. ते आठ तास अंधाराचे म्हणजे कार्यक्रमाचा अर्धा भागच होय.

संध्याकाळचे दिवे परवडत नसतील, तर सूर्यास्तानंतर साडेनऊ ते दहा तासांनी फक्त एक तास उजेड देण्याचीही पद्धत आहे. तिच्यात विजेची बचत होते, पण वेळ थोडी जरी चुकली तरी परिणाम हुकतो. म्हणून नव्या पालकाने तिच्या वाटेला जाऊ नये. रानात किंवा कुरणात ठेवलेल्या घोड्यांसाठी एका डोळ्यासमोर निळा एलईडी दिवा असलेला मुखवटा मिळतो. सूर्यास्तानंतर तो आपोआप लागतो आणि रात्री ठरल्या वेळी विझतो. तो महाग पडतो आणि रोज तपासावा लागतो, परंतु घोडीला ठाणावर कोंडून ठेवावे लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

उजेडाला घोडीची तब्येत साथ देत नसेल, तर दिवे निरुपयोगी ठरतात. घोड्याची अंगकाठी १ ते ९ अशा श्रेणीत मोजण्याची प्रथा आहे. तिच्यात ५ ते ६ वर असलेली, म्हणजे बरगड्या हाताला लागतात पण डोळ्याला दिसत नाहीत अशी घोडी चांगला प्रतिसाद देते. हाडे निघालेल्या घोडीच्या बाबतीत आधी चंदी, जंतनाशक आणि दात यांकडे पाहावे.

सुरुवातीचे माज फसवे असतात. सुस्तीतून बाहेर येणारी घोडी दहा-पंधरा दिवस माजावर असल्यासारखी वागते, पण बीज सुटत नाही, आणि अशा वेळी तिला पुन्हा पुन्हा घोड्याकडे नेण्याने दोन्ही जनावरे थकतात. पशुवैद्यकाकडून सोनोग्राफी करून घ्यावी, आणि बीजपुटिका, म्हणजे बीजांडकोशातील बीज असलेली पिशवी, साधारण ३५ मिलिमीटरपर्यंत वाढल्यावरच पुढचे पाऊल उचलावे. घोडी गाभण असल्याची खात्री होईपर्यंत दिवे चालू ठेवावेत. महाराष्ट्रातील नैसर्गिक दिवस कधीच १६ तासांचा होत नसल्यामुळे मध्येच दिवे बंद केल्यास शरीराला दिवस एकाएकी लहान झाल्याचा भास होतो, आणि घोडी पुन्हा सुस्त होऊ शकते.

जानेवारी-फेब्रुवारीत विणाऱ्या गाभण घोडीलाही हाच कार्यक्रम लागू करावा, नाहीतर विल्यानंतरचा पहिला माज दाखवून ती पुढे थांबून जाण्याचा धोका असतो. गाभणकाळाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत वाढीव उजेड दिलेल्या घोड्या काही दिवस लवकर वितात, असेही आढळले आहे. म्हणून विण्याची तारीख मोजताना आणि रात्रीची राखण ठरवताना ते दिवस आधीच धरून ठेवावेत.

पाचवी पायरी: केसांवरून ओळखावे

अंगावरचे केस वाढतात आणि झडतात तेही थंडीपेक्षा दिवसाच्या लांबीवर. दिवस लहान होऊ लागले की दाट केस येतात आणि डिसेंबरअखेर दिवस वाढू लागले की ते सुटण्याची तयारी होते. प्रकाशाचा कार्यक्रम चालू असलेल्या घोडीचे केस इतरांपेक्षा आधी झडू लागतात. कार्यक्रम लागू पडत असल्याची ही पहिली दिसणारी खूण आहे. अशा घोड्याला जानेवारीच्या रात्री झूल घालावी, कारण थंडी संपण्याआधीच त्याचे पांघरूण उतरलेले असते. पंधरा वर्षांपुढच्या घोड्याचे लांब केस ऐन उन्हाळ्यातही झडले नाहीत, तर ते उजेडाचे काम नसून मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीच्या आजाराचे लक्षण असू शकते, आणि त्यासाठी रक्ततपासणी करावी लागते.

सहावी पायरी: कातडीचा रंग पाहून ऊन ठरवावे

महाराष्ट्रात वरातीसाठी आणि हौसेसाठी नुकरा घोड्याला मोठी मागणी असते. नुकऱ्याचे केस पांढरे आणि कातडी गुलाबी असते. सब्जा घोडाही वय वाढल्यावर पांढरा दिसतो, पण त्याची कातडी काळी असते. लांबून सारख्या दिसणाऱ्या या दोन घोड्यांना उन्हाचा धोका अगदी वेगवेगळा आहे.

नुकऱ्याच्या नाकाडावर, ओठांवर आणि पापण्यांच्या कडांवर ऊन थेट बाधते. आधी लाली, मग सालपटे आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास पापणीच्या कडेवर किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील तिसऱ्या पापणीवर कर्करोगाची गाठ, असा हा क्रम असतो. अशा घोड्याला सकाळी दहा ते दुपारी चार सावलीत ठेवावे, डोळ्यांवर अतिनील किरण अडवणारी जाळीची पट्टी बांधावी आणि नाकाडावर झिंक ऑक्साईडचे मलम डोळ्यांपासून दूर राखून लावावे. पापणीवरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरून आली नाही, तर घरगुती उपाय न करता पशुवैद्यकाला दाखवावी. पंचकल्याणी घोड्याच्या तोंडावरच्या पांढऱ्या पट्ट्याखालीही बहुधा अशीच गुलाबी कातडी असते, म्हणून तेवढ्या भागाची हीच काळजी घ्यावी.

सब्जाच्या शेपटीखाली किंवा गुदद्वाराभोवती काळ्या गाठी दिसतात, त्यांचा दोष मात्र उन्हाला देऊ नये. पंधरा वर्षांवरील सब्जा घोड्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांत अशा गाठी आढळतात, आणि त्यांचे मूळ केस पांढरे करणाऱ्या जनुकातच असते.

कधी कधी कातडी केवळ पांढऱ्या भागापुरती एकाएकी सुजते, तेथून पाणी वाहते, खपल्या धरतात, आणि लगतच्या काळ्या कातडीला काहीही झालेले नसते. ही साधी उन्हाची बाधा नसते. यकृत बिघडल्यावर हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्यापासून बनणारा एक पदार्थ शरीराबाहेर न जाता रक्तात साठतो, आणि ऊन लागताच कातडी जाळतो. खुळखुळा आणि ताग ज्या कुळात येतात, त्यातील काही वनस्पती घोड्याच्या यकृताला अतिशय घातक आहेत. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात अशाच एका खुळखुळ्याने घोडे मोठ्या संख्येने आजारी पडत असत. अशी लक्षणे दिसताच घोडा तत्काळ अंधाऱ्या, हवेशीर जागी हलवावा, चारा बदलावा, जुन्या चाऱ्याचा नमुना राखून ठेवावा, आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. नुसते मलम लावत बसण्यात मोलाचे दिवस जातात.

सातवी पायरी: डोळ्यांना वेळ द्यावा

जमिनीवरच्या प्राण्यांत घोड्याचा डोळा सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी एक आहे. मंद उजेडात त्याला आपल्यापेक्षा कितीतरी चांगले दिसते, पण भर उन्हातून अंधारात गेल्यावर त्या डोळ्याला पूर्ण जुळवून घ्यायला अर्ध्या ते पाऊण तासापर्यंत वेळ लागतो. उन्हातून आणलेला घोडा काळोख्या तबेल्याच्या दारात किंवा ट्रकच्या फळीवर अडून बसतो, तेव्हा समोर त्याला बहुधा केवळ काळी पोकळी दिसत असते. त्याला चाबूक दाखवणे हा अन्याय आहे. ट्रकच्या आत दिवा लावावा, दारात दोन-तीन मिनिटे उभे राहू द्यावे, मान खाली घालून हुंगू द्यावे. बहुतेक घोडे मग स्वतःहून पाऊल टाकतात.

अडथळ्यांवरून उडी शिकवणाऱ्यांनी रंगाचाही विचार करावा. घोड्याला तांबडा आणि हिरवा यांतला भेद नीट कळत नाही, त्यामुळे हिरवळीवरची नारिंगी दांडी त्याला उठून दिसत नाही. ब्रिटनमध्ये शर्यतींच्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग काढून पांढरा रंग देण्याचे काम २०२२ मध्ये याच कारणाने सुरू झाले.

वरातीचा घोडा रात्रीच्या रस्त्यावर असतो, बाहुल्या पूर्ण विस्फारलेल्या, आणि त्याच वेळी समोरून डीजेच्या गाडीवरचे लुकलुकणारे दिवे आणि लेझरचे झोत येतात. अशाच झोतांनी माणसांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या घटना मिरवणुकांत घडलेल्या आहेत, आणि घोड्याची विस्फारलेली बाहुली आपल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश आत घेते. घोडा भाड्याने देणाऱ्याने सुपारी घेतानाच लेझर नसेल ही अट घालावी, दिव्यांची गाडी घोड्यापासून लांब ठेवायला लावावी, आणि यजमान ऐकत नसतील तर घोडा परत आणावा.

डोळा मिटून घेणे, सतत पाणी गळणे, बाहुली आकसलेली दिसणे आणि उजेडापासून मान फिरवणे ही लक्षणे एकत्र दिसली तर ती तातडीची बाब समजावी. डोळ्याच्या आतल्या थराचा वारंवार उलटणारा दाह हे जगभर घोड्यांच्या अंधत्वाचे प्रमुख कारण आहे, आणि प्रत्येक झटका दृष्टीचा थोडा भाग घेऊन जातो. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे, तोपर्यंत घोडा अंधाऱ्या ठाणावर ठेवावा, आणि घरात पडलेले डोळ्यांचे जुने औषध घालू नये. बुबुळावर जखम असेल तर स्टिरॉईड असलेल्या थेंबांनी ती चिघळते.

घोडा विकत घेतानाच ही तपासणी करता येते. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा अन्य बाजारात घोडा बहुधा भर उन्हात दाखवला जातो, आणि तेथे सर्वच बाहुल्या आकसलेल्या असतात. विक्रेत्याला घोडा एखाद्या तंबूच्या दाट सावलीत न्यायला सांगावे, काही मिनिटे थांबावे आणि दोन्ही बाहुल्या सारख्याच मोठ्या झाल्या का ते पाहावे. त्यानंतर बॅटरीचा मंद झोत बाजूने आणून त्या सारख्याच आकसतात का ते तपासावे. एक बाहुली वेडीवाकडी, न हलणारी किंवा दुधट दिसली, तर पशुवैद्यकाने डोळा पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.